कार्मेलीन मावशी की मादीन?

मालवण,
९ फेब्रुवारी २०२३

स्वस्ति श्रीमत् सकलगुणालंकृत, अखंडब्रह्मचर्यविराजित, घंटानादप्रबोधक, पापनिवेदनश्रवणधुरंधर, सुंगटकढीरसिक, जीर्णस्कूटरारूढ, रेडीपरिसरभूषण, परमपूज्य फादर मिंगेल लुद्रिक यांच्या चरणारविंदी (पायमोजांसह) मालवणस्थित, संस्कृताध्यापक, अल्पकेश, अनपत्य चुलतबंधू पास्कू बस्त्यांव लुद्रिक याचे साष्टांग दंडवत. पाठ धरल्यामुळे दोन अंगे वगळावी.

विनंती विशेष. दूरध्वनीवर तू मला दुसऱ्या समासापलीकडे जाऊ देत नाहीस. कागद मध्येच ‘बरां बरां, ठेवतंय’ म्हणत नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

रुझारिनच्या आणि माझ्या विवाहास इतका काळ लोटला, की लग्नात आलेल्या वस्तूंपैकी भिंतीवरचे एक घड्याळ आणि मी, एवढेच चालू स्थितीत उरलो आहोत. अपत्यप्राप्त्यर्थ नऊ-नऊ दिवसांच्या प्रार्थनांचे नवेने झाले, नवस झाले, तुझे आशीर्वाद झाले. दोन वर्षांपूर्वी तिचे गर्भाशय शस्त्रक्रियेने काढावे लागले, तेव्हा हा विषय परमेश्वराने निकालात काढला असे मी समजलो. डॉक्टरीणबाई तसे समजत नाहीत. त्यांच्या मते बीज अद्याप आमचेच घेता येईल. ते वाढवण्यास अन्य उदर हवे. कायद्याची अट अशी, की ती स्त्री विवाहित, स्वतः माता झालेली असावी आणि तिने हे निव्वळ मायेपोटी करावे. मोबदला म्हणून कवडी देता येणार नाही. रुझारिनची मावसबहीण कार्मेलीन, तुझ्याच पॅरिशमधली, तयार आहे. तिचा नवरा बावतीस बोटीवर असतो. त्यानेही फोनवरून होकार दिला.

आता शास्त्रार्थ. आपले आद्य पितर अब्राहाम यांच्या घरी सारेने हागार दासीकरवी, आणि याकोबाच्या घरी राहेलने बिल्हेकरवी हाच प्रयोग केला; तोही कोणत्याही शासकीय प्रमाणपत्राविना. एवंच पूर्वाधार भक्कम आहे. तुझी संमती तेवढी कळव. परत टपालाने कळवलीस तर रुझारिन माझ्याशी पुन्हा बोलू लागेल.

तुझा,
पास्कू

*

रेडीजवळून,
२० फेब्रुवारी २०२३

प्रिय पास्कू,

तुझे पत्र मिळाले. तुझा दंडवत संपेपर्यंत माझी पेज थंड झाली.

संमती नाही. कारणे तुला ठाऊक आहेत, तरी लिहितो. मूल हा हक्क नव्हे, दान आहे. नवरा-बायकोत देवाने जे गुंफले त्यात तिसरे शरीर आणू नये, अशी चर्चची शिकवण आहे आणि ती मला पटते. नुसते पोट उसने घेता येत नाही, पास्कू. त्याबरोबर अख्खी बाई येते.

अब्राहामाचा दाखला देताना तू पुस्तक लवकर मिटलेस. पुढे वाच. सारेला स्वतःचा मुलगा झाला, तेव्हा हागारला भाकर आणि पाण्याची पखाल देऊन लेकरासह रानात घालवली. तुला अब्राहामाची सोय दिसली. हागार तुझ्या पत्रात कामापुरती येते आणि जाते.

दत्तक का घेत नाही? येशूला वाढवताना योसेफाने काय वेगळे केले? आणि कार्मेलीनला हे नीट विचारले कुणी? ती कुणाला नाही म्हणत नाही. माझ्या चर्चची झाडलोटही तिच्याच गळ्यात पडली आहे.

रुझारिनला सांग, मी तिच्यासाठी रोज प्रार्थना करतो. तुझ्यासाठी आठवण झाली तर.

मिंगेल

*

मालवण,
३ सप्टेंबर २०२३

परमपूज्य, आणि हे पत्र वाचून होताच परमसंतप्त, फादर मिंगेल यांस,

तुझा अभिप्राय शिरोधार्य मानला, मस्तकी धारण केला आणि मस्तकावरून तो घरंगळला. कार्मेलीन गर्भवती आहे. प्रथम बैस, पाणी पी, मग पुढे वाच.

दत्तकाच्या यादीत आमचे नाव फार पूर्वी लागले. आमचे वय पुढे सरकते, यादी नाही.

कार्मेलीनला विचारले काय, हा तुझा प्रश्न रास्त होता. वस्तुस्थिती अशी, की विचारले तिनेच. आमच्या स्वयंपाकघरात विळीवर तिसऱ्यांचे शिंपले उघडत बसली होती, रुझारिन नारळ खोवण्याच्या निमित्ताने रडत होती. कार्मेलीन मान वर न करता म्हणाली, “गो बाय, रडतंस कित्याक? बियाणा तुमचा, शेताचो कुणगो माझो. भात काय कुणग्याचा नाव सांगता?”

मी विचारले, “आणि नंतर गो?”

“नंतर काय? माझा चेडू आसा माका. तुमचा तुमका.” आणि आपल्या लेकीचा असा दाखला देऊन तिने शिंपला असा काही उघडला, की मला तो विषय बंद झाल्याचे कळले.

तथापि एकाच पंथाच्या मतावर विसंबू नये म्हणून शाळेतील भूगोलाचे शिक्षक विनीत यांना विचारले. ते प्रॉटेस्टंट, घाटावरचे. ते म्हणाले, “आमच्याकडे असा सरसकट नकार नाही. बीज नवरा-बायकोचेच असेल, बाईवर बळजबरी नसेल, तर आपापल्या विवेकाला विचारावे.” मी विवेकाला विचारले. तो रुझारिनला विचार म्हणाला. मला हा पंथ फारच सोयीचा वाटला. परंतु धर्मांतर करण्याचे माझे वय राहिले नाही, आणि त्यांच्याकडे फेस्ताची जेवणेही यथातथाच असतात असे ऐकतो.

प्रमाणपत्रासाठी बसने ओरोसच्या जिल्हा कचेरीत गेलो. साहेबांनी कार्मेलीनला विचारले, “आपल्यावर कोणाचा दबाव नाही ना?” ती ताठ बसली आणि पाठ्यपुस्तकी मराठीत उत्तरली, “नाही साहेब. मी स्वेच्छेने आणि पूर्ण विचाराअंती ही संमती देत आहे.” साहेब प्रसन्न झाले. एवढ्यावर थांबली असती तर बरे होते. “आणि दबाव म्हणशात तर ह्या मास्तरांची भाषणां आयकूचो आसा,” ती म्हणाली, “तो काय कमी करूक येता तर बघा.” साहेबांनी सहानुभूतीने माझ्याकडे नव्हे, तिच्याकडे पाहिले.

रागव, परंतु बहिष्कार घालू नकोस.

तुझा पतित बंधू,
पास्कू

*

रेडीजवळून,
१५ ऑक्टोबर २०२३

पास्कू,

रागावलो होतो. लिहायला बसलो असतो तर शब्द वाईट गेले असते, म्हणून एवढे दिवस बसलो नाही. माझे मत बदललेले नाही.

पण तू माझ्या पॅरिशमध्ये काय करून ठेवले आहेस याची तुला कल्पना नाही. दर तपासणीला तू रिक्षा घेऊन येतोस, पोटुशा कार्मेलीनला हात धरून बसवतोस, आणि तिचा नवरा समुद्रावर. मागच्या आठवड्यात इनासमाय घरोघर लादीन-प्रार्थना गाणाऱ्या आपल्या मंडळाच्या सगळ्या बायकांना घेऊन दारात उभी. म्हणाली, “फादर, येक मीस सांगूची होती. पास्कू मास्तराच्या आत्म्यासाठी.”

“मेलो काय तो?” मी विचारले.

“मरान बरो. तेणा दुसरी बायल केल्यान.”

मग मी रविवारच्या उपासनेची मिसा संपल्यावर सर्वांना थांबवून घेतले आणि समजावून सांगितले. बीज म्हणजे काय, कायदा म्हणजे काय, आणि चर्चला हे का मान्य नाही. मी इतके दिवस धर्मज्ञान शिकवतो, पण एवढ्या एकाग्रतेने कधी कुणी ऐकले नव्हते. शेवटी इनासमायने सारांश काढला: “म्हंजे पयल्या बायलेचा पोर दुसऱ्या बायलेच्या पोटात. आता समाजला.”

मी हात टेकले. मिसा तुझ्या आत्म्यासाठीच झाली. उपयोग होईल.

कार्मेलीनसाठी नाचणीचे पीठ तिच्या घरी पोचवले आहे. पाय सुजतात तिचे. झाडलोट मी बंद करवली. नाचणीचा अर्थ संमती असा काढू नकोस.

मिंगेल

*

मालवण,
२ एप्रिल २०२४

समस्तभूमंडलातील काकांमध्ये अग्रगण्य, फादर मिंगेल यांस पितृपदारूढ पास्कू याचा उद्दाम नमस्कार.

कन्यारत्न झाले. नाव क्लारा. वर्ण रुझारिनचा, केशसंभार माझा, म्हणजे नाही. रडण्याचा स्वर तारसप्तकात आणि विरामचिन्हांविना. कार्मेलीन सुखरूप आहे, आपल्या घरी परतली आहे. मी आनंदाने इतका मितभाषी झालो आहे, की शेजारी येऊन माझी प्रकृती विचारून जातात.

बाप्तिस्मा तुझ्याच चर्चमध्ये व्हावा, जेथे समस्त लुद्रिकांची डोकी भिजली. आता एक किरकोळ बाब. कार्मेलीनला आम्ही काय देणार? कायद्याने काही देता येत नाही, आणि दिले तर ती अंगावर फेकेल. तिने आपणहून एकच मागितले: क्लाराची मादीन, शुद्ध भाषेत धर्ममाता, होणे. मी तत्क्षणी वचन दिले. बाप्तिस्म्याची जामीनकी, पांढरा झगा, मुलीला शिस्त लावण्याचा आजन्म परवाना, सर्व तिचे. एवढ्यावर सुटका होते हे पाहून मी मनातल्या मनात दोन श्लोक रचले.

तारीख कळव.

पास्कू

*

रेडीजवळून,
१२ एप्रिल २०२४

प्रिय पास्कू,

क्लाराला माझा आशीर्वाद. बाप्तिस्म्याबद्दल शंका नको. मूल कसे आले यावरून चर्च मुलाला दारात अडवत नाही. याच आठवड्यात रोमहून नवे निवेदन आले आहे. त्यात या प्रकाराला पुन्हा स्पष्ट नकार आहे, पण मुलाच्या मानाला कुठेही धक्का नाही.

तुझी किरकोळ बाब मात्र किरकोळ नाही. चर्चच्या कायद्यात स्वच्छ लिहिले आहे: बाप्तिस्मा घेणाऱ्या बाळाचे आई-बाप त्याचे पादीन-मादीन होऊ शकत नाहीत.

आता सांग, मी काय करू? कार्मेलीन आई आहे असे म्हटले, तर ती मादीन होऊ शकत नाही, आणि मग रुझारिन कोण? ती आई नाही असे म्हटले, तर अख्खी बाई येते वगैरे जे मी तुला लिहिले, ते मी पाण्यात सोडले. इतके दिवस ही पद्धत चूक आहे एवढे सांगून मी मोकळा होतो. तू मला थेट बाप्तिस्म्याच्या कुंडापाशी उभे करून विचारतोस, या दोघींत आई कोणती.

एक वाट आहे. जामीन एक असला तरी चालतो. नुसता पादीन ठेवू. कार्मेलीन समजूतदार आहे, तिला मी सांगेन. मावशी तर ती आहेच.

मिंगेल

*

मालवण,
१८ एप्रिल २०२४

फादर मिंगेल यांस, रुझारिनचा नमस्कार.

तुमचे पत्र यांनी मला वाचून दाखवले नाही. दोन दिवस घरात मोठमोठ्याने श्लोक म्हणत फिरत होते, तेव्हा काहीतरी बिनसले हे ओळखून मी पत्र शोधून वाचले.

यांनी तुम्हाला लिहिले असेल की कार्मेलीन सुखरूप आहे. शरीराने आहे. पण हॉस्पिटलातून गेली ती आमच्याकडे एकदाही आलेली नाही. मी फोन करते तर, “चेडूचा पोट साफ होता मां?” एवढेच विचारते आणि ठेवते. छाती घट्ट बांधून दूध आटवले, ते तिच्या शेजारणीकडून मला कळले. खरे सांगते, पहिल्या आठवड्यात ती आली नाही याचे मला बरेच वाटले होते. मूल माझ्या हातात आणि कुणी बघायला नाही. आता तसे वाटत नाही. क्लारा शिंकली तरी तिला सांगावेसे वाटते.

परवा मी रागावून विचारले, “येनंस कित्याक गो?” तर म्हणाली, “कोण म्हणान येव? खंयच्या नात्यान?”

फादर, तिने पैसे मागितले नाहीत, साडी मागितली नाही. मादीन व्हायचे म्हणाली. ते तुम्ही समजावून सांगून काढून घेणार. हागारला रानात घातले म्हणून तुम्ही यांना सुनावले होते. आता तिला कोण घालतो आहे ते तुम्हीच बघा.

मला आई ठरवण्यासाठी तिला दूर करावे लागत असेल तर तसे मला नको. मी एवढे शिकलेली नाही, उलटसुलट लिहिले असेल तर माफ करा.

रुझारिन

*

रेडीजवळून,
३० एप्रिल २०२४

प्रिय पास्कू,

हे पत्र रुझारिनलाही वाचायला दे. श्लोक म्हणू नकोस.

मी कार्मेलीनकडे गेलो होतो. अंगणात कोकमाची सोलां सुकत घालत होती. मी विचारले, “मालवणाक कित्याक जायनंस?”

“थंय आवय आसा, बापूस आसा. तिसरी कोण व्हयी?”

“मावशी आसंस मगे.”

“मावशे धा आसत, फादर. पण मावशेन जवळ घेतल्यान काय लोक बघीत रवतत, सोडता कधी. मादीन घेता तेव्हा कोण बघना.”

मी मग जे विचारू नये ते विचारले. “कार्मेलीन, तू तेची आवय काय?”

तिने सोलांची परात पालथी केली, परत सरळ केली. “ता तुमी ठरवा. आवय नको तर नको. पण माका खंयचा तरी येक नाव देवा. बिननावाची मी थंय पाय ठेवचंय नाय.”

तिथून चर्चपर्यंत चालत आलो. स्कूटर तिच्याच अंगणात विसरलो.

माझा निर्णय असा. बीज रुझारिनचे, सरकारी दाखल्यात आई रुझारिन, घरात आई रुझारिन. तेव्हा तो नियम कार्मेलीनला लागत नाही, असे मी धरतो. हे धरताना माझ्या जुन्या पत्रातली एक भिंत पडते, हे मला दिसते. बाकीची भिंत उभी आहे. तुम्ही जे केले ते करायला नको होते, असे मी आजही म्हणतो. पण ज्या बाईने ते केले तिला चर्चने नाव नाकारावे, हे मला देवासमोर उभे राहून म्हणता येईना.

नियमाप्रमाणे बिशपसाहेबांना सगळे सविस्तर लिहून मत विचारले आहे. पत्र आज साध्या टपालाने टाकले. बाप्तिस्मा येत्या रविवारी आहे. टपालखाते आपल्या गतीने काम करील अशी माझी श्रद्धा आहे. साहेब रागावले तर माझी बदली होईल. झालीच तर लुद्रिक नसलेल्या गावी होवो.

कार्मेलीन एकटीच जामीन राहील, पादीन नको. अट एकच. चर्चमध्ये तू तोंड उघडायचे नाहीस.

मिंगेल

*

मालवण,
१४ मे २०२४

स्वभिंतिभंजक, टपालविलंबश्रद्धाळू, बदलीसन्मुख फादर मिंगेल यांस,

बाप्तिस्म्याचा वृत्तांत तुला सांगणे म्हणजे नवऱ्या मुलाला लग्नाची हकिगत सांगणे होय. तथापि तू पुस्तकात डोके खुपसून होतास, म्हणून काही गोष्टी निसटल्या असतील त्या नोंदवतो.

कार्मेलीन आली ती झगा घेऊन. स्वतः शिवलेला, कोपरापासून मनगटापर्यंत लेस. क्लारा रुझारिनकडे होती. रुझारिनने मूल पुढे केले. कार्मेलीनने ते घेतले आणि खांद्याशी लावले. इनासमाय आणि तिचे मंडळ पहिल्या बाकावर खास पाहण्यासाठीच बसले होते. मी तिकडे नजर टाकली, तर इनासमाय पर्समध्ये काहीतरी शोधत होती आणि बाकीच्या छताकडे पाहत होत्या. बघत कोणीच नव्हते.

मग तू विधीप्रमाणे मादीनला विचारलेस, “या बालिकेच्या मातापित्यांना त्यांच्या कर्तव्यात साहाय्य करण्यास तू तयार आहेस काय?”

तुझ्या स्मरणात नसेल तर तिचे उत्तर जसेच्या तसे देतो. “आता आणि खंयचा साहाय्य, फादर? मगाधरना काय करतंय मी?”

आपल्या चर्चमध्ये इतके लोक एकाच वेळी एवढे मोठ्याने हसल्याची नोंद माझ्या स्मृतीत नाही. लादीन-मंडळाने रुमाल तोंडात कोंबले. रुझारिन हसता हसता रडू लागली आणि क्लारा दोन्हींऐवजी ओरडू लागली. तू मात्र पुस्तकातून मान वर न काढता म्हणालास, “उत्तर ‘होय’ असे छापले आहे.” ती म्हणाली, “होय तर मगे होय.” तुझे कान लाल झाले होते आणि चष्म्याखालून तू बोट फिरवलेस, ते घामासाठी असावे असे मी सर्वांना सांगितले आहे.

मी अटीप्रमाणे तोंड उघडले नाही. 

तेव्हापासून कार्मेलीन दर दोन दिवसांनी येते. दार वाजवत नाही. मूल उचलते, रुझारिनला “हेका पातळ कपडो घाल गो, उबला मेला” असे बजावते, मला माझ्याच खुर्चीवरून उठवते. दोघी मिळून माझ्या संगोपनविषयक मतांचा जो समाचार घेतात, त्यापुढे बिशपसाहेबांचा कोप सौम्य ठरावा. त्यांचे उत्तर आले काय?

आता मुख्य विषय. बाप्तिस्म्याचे जेवण मादीनच्या हक्काने कार्मेलीनच्या पडवीत झाले, आणि पादत्राणे बाहेर काढावी लागली. जेवून बाहेर येतो तो माझी डावी चप्पल अदृश्य, आणि तिच्या जागी कोणाची तरी उजवी. सांप्रत माझ्यापाशी दोन उजव्या चपला आहेत. म्हणजेच तुझ्या पॅरिशमध्ये कोणीतरी सज्जन दोन डाव्या घालून तुझ्यासमोर गुडघे टेकत आहे. दूरध्वनीवर मी तुला हे स्पष्ट सांगितले होते, तरी परवाच्या रविवारी तू मिसानंतर नळाच्या पाण्याची वेळ जाहीर केलीस, हरवलेली छत्री जाहीर केलीस, आणि चपलेचा उच्चारही केला नाहीस असे कार्मेलीनकडून कळते. चप्पल तपकिरी आहे, अंगठा नुकताच शिवून घेतला होता. मी सध्या मासळीबाजारात जातो तो काहीसा एका बाजूला ओढला जातो, आणि कोळणी भाव सांगण्याआधी माझ्या पायांकडे पाहतात.

पास्कू